गाडी सांगते गिऱ्हाइकाची ओळख

बाजारात एखादी वस्तू हातात घेतली की आपण तिचा भाव विचारतो, मजबुती पाहतो, फार तर दुरुस्ती कुठे होईल याची चौकशी करतो. आणखी एक प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. ही वस्तू बनवणाऱ्याने गिऱ्हाईक म्हणून कोणाला डोळ्यांपुढे ठेवले होते? या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत शोधण्याची गरज नाही. ते वस्तूच्या अंगावरच लिहिलेले असते. ते वाचण्याची सवय व्यापाऱ्याला आणि कारागिराला असेल तर त्याचा माल पडून राहण्याचे प्रमाण कमी होते, असे आमचे मत आहे.

फोटो स्टुडिओच्या धंद्यातील जुन्या मंडळींना बडोद्यास बनणारा आगफाचा ‘क्लिक थ्री’ कॅमेरा आठवत असेल. एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. व्यावसायिक कॅमेऱ्यावर आकड्यांची जंत्री असते, तशी याच्यावर नव्हती. ऊन असेल तर सूर्याचे चित्र, आभाळ असेल तर ढगाचे चित्र, एवढ्यावर काम भागे. त्या दोन चित्रांवरूनच गिऱ्हाईक कळते. हा माणूस फोटोग्राफर नाही आणि त्याला व्हायचेही नाही. ईदच्या दिवशी नवे कपडे घातलेल्या मुलांचा फोटो घरच्या घरी निघावा, बारा फोटो वाया जाऊ नयेत, एवढीच त्याची अपेक्षा. ज्या कॅमेऱ्यावर दहा चकत्या आणि पन्नास आकडे, तो कॅमेरा दुसऱ्या माणसासाठी. त्यातही काही जण असे की ज्यांना फोटो काढण्यापेक्षा आकडे समजतात हे दाखवण्यात आनंद असतो. दोघेही गिऱ्हाईकच, पण दोघांना एकाच तऱ्हेने माल विकता येत नाही.

कॅमेरा हे लहान उदाहरण झाले. चिंचवड, पिंपरी, आकुर्डी, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या किंवा तेथे धंदा असलेल्या आपल्या वाचकांना याहून मोठे उदाहरण दारातच आहे. साठ वर्षांहून अधिक काळ या पट्ट्यात गाड्या बनत आहेत. सुटे भाग बनवणारे, वेल्डर, रंगारी, गादीवाले, गॅरेजवाले अशा कितीतरी घरांची रोजी त्यावर चालते. या गाड्यांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू.

आकुर्डीची चेतक स्कूटर घ्या. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला करार १९७१ मध्ये संपल्यावर बजाज ऑटोने १९७२ साली महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव देऊन ही स्कूटर काढली. पायाशी सपाट फळी. त्या फळीवर गॅसचे सिलिंडर उभे राही, पिठाचा डबा राही आणि शाळेत जाणारे लेकरूही राही. मागच्या लांब सीटवर पत्नी एका बाजूला पाय सोडून बसे आणि तिच्या मांडीवर धाकटे मूल असे. अंग लोखंडी पत्र्याचे. ठोकर बसली तर आमच्या डेंटिंगवाल्याने ठोकून सरळ करावे आणि रंग मारावा. पुढचे व मागचे चाक एकाच मापाचे आणि सोबत स्टेपनी, म्हणजे रस्त्यात पंक्चर झाले तरी मालकाने पान्याने स्वतः चाक बदलून घरी जावे. इंजिनावरचे झाकण सहज निघे. प्लग काढून पॉलिश कागदाने घासता यावा, हा त्यातला हेतू. किक मारून चालू झाली नाही तर गाडी एका अंगाला कलंडवून पुन्हा किक मारणे, ही तर घराघरातील कला होती.

यावरून गिऱ्हाईक कसे दिसते? चार माणसांचा कुटुंबप्रमुख, एकदाच गाडी घेणारा, हात काळे करण्याची लाज नसलेला, आणि पाठीशी मदतीला कोणी नाही हे जाणून असलेला. परवान्याच्या राजवटीत नंबर लागायला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. इतकी वाट पाहणारा माणूस निवड करत नसतो, मिळेल ते घेत असतो. म्हणूनच स्कूटरचा साचा कित्येक वर्षे फारसा बदलला नाही. (लग्नात जावयाने चेतक मागण्याची लाजिरवाणी रीत याच काळात वाढली. ती आपल्या समाजातही शिरली, हे नाकारण्यात अर्थ नाही.)

एक तपशील कायद्यातून आलेला आहे. दुचाकीच्या मागच्या चाकाशेजारी जी जाळी असते तिला सगळे साडीगार्ड म्हणतात. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत असे संरक्षण हवे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितले आहे. साडी असो, बुरखा असो की ओढणी असो, मागे बसणारी बाई गृहीत धरूनच ही गाडी रस्त्यावर येते. परदेशी मोटारसायकलच्या चित्रात ही जाळी दिसत नाही, कारण तिथल्या आखणी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ही बाई नव्हती.

स्वतः गाडी चालवणारी बाई मात्र चेतकच्या आखणीत नव्हती. तिचा विचार दुसऱ्यांनी केला. चिंचवडला कचेरी असलेल्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली लूना आणली. वजनाला हलकी, गिअर नाही, आणि सायकलसारखे पायडल. पेट्रोल संपले तर पायडल मारत घरी या. पायडल पाहिले की गिऱ्हाईक कळते: सायकलवरून नुकताच उतरलेला माणूस, ज्याचा यंत्रावर अजून पुरता भरवसा बसलेला नाही. पुढे १९८४ साली कायनेटिक होंडा आली. बटण दाबले की चालू, गिअर आपोआप. त्या एका बटणाने शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या भगिनी आणि गुडघे दुखणारे चाचा, अशी सारी नवी गिऱ्हाइके दुकानात आणली. किक मारण्याची ताकद हीच गाडी चालवण्याची पात्रता असते, असे तोवर स्कूटरवाल्यांनी धरून ठेवले होते.

आता मालवाहू गाड्यांकडे वळू, कारण आपल्या बहुसंख्य वाचकांचा संबंध त्यांच्याशी येतो. फिरोदियांच्या बजाज टेम्पो कंपनीने १९५८ पासून जर्मन बनावटीवरून तीनचाकी मालगाडी बनवली, आणि तिचे नाव इतके रुळले की आज कोणत्याही कंपनीच्या लहान मालगाडीला मराठी माणूस टेम्पोच म्हणतो. (कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले, भाषेतला टेम्पो तसाच राहिला.) १९८६ साली टेल्कोने पुण्यात ४०७ काढली. त्या काळात जपानी सहकार्याच्या लहान मालगाड्या बाजारात आल्या होत्या. ४०७ दिसायला ओबडधोबड, पण आपले रस्ते आणि आपले माल भरणारे यांना ओळखून बनवलेली. चार दशके होत आली तरी तिचे नाव बाजारात आहे.

या पट्ट्यातली सर्वांत शिकवण्यासारखी गोष्ट मात्र २००५ सालच्या टाटा एसची, म्हणजे आपल्या छोट्या हाथीची आहे. त्या वेळी शहरात दिवसा मोठ्या ट्रकना ठिकठिकाणी बंदी होती. माल शहराबाहेर उतरायचा आणि तेथून तीनचाकीने आत जायचा. तीनचाकीत बारामतीच्या पियाजिओची आपे जोरात होती, बजाज होतीच. टाटांच्या मंडळींनी गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू केले तेव्हा ते थेट तीनचाकीवाल्यांशी बोलत हिंडले. काय हवे असे विचारले तर उत्तर ठरलेले: स्वस्त हवी, मायलेज हवे, माल जास्त बसावा. हे उत्तर कोणीही घरी बसून लिहिले असते. पण खोदून विचारता एक वेगळी गोष्ट बाहेर आली. एका तीनचाकीवाल्याने सांगितले की आपल्याकडे चारचाकी असती तर गावात आपल्याला चांगले स्थळ सांगून आले असते.

हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. तीनचाकी चालवणारा स्वतःला हमालाच्या जवळचा समजतो आणि समाजही तसेच समजतो. चार चाके आणि स्टिअरिंगचे चक्र आले की तो ट्रकवाला होतो, शेठ होतो. म्हणून गाडीला चार चाके दिली. पण खिसा तीनचाकीवाल्याचाच होता, म्हणून बाकी सारे काटेकोर. इंजिन दोन सिलिंडरचे, ७०२ सीसीचे, सोळा अश्वशक्तीचे. इंडिका मोटारीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन अर्धे करावे तसे. क्षमता पाऊण टन. गल्लीत वळावी इतकी आखूड. चालकाला बंद केबिन आणि दार, म्हणजे पावसात भिजणे नाही. किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. पहिली काही वर्षे ती येथेच पिंपरीत बनत होती. नंतर उत्तराखंडातील पंतनगरला कारखाना उभा राहिला. दोन वर्षे पुरी होण्याआधीच एक लाख गाड्या विकल्या गेल्या.

आपल्या समाजातील फळवाले, कोंबडीवाले, फर्निचरवाले, भंगारवाले यांच्यापैकी अनेकांची पहिली चारचाकी हीच आहे. मार्केट यार्डातून पहाटे माल भरून चिंचवडला येणारा भाजीवाला तिच्या काचेवर मुलांची नावे लिहितो, आयतुल कुर्सीचे स्टिकर लावतो. तीनचाकीवर एवढे सजवणे फार थोडे करत. हप्त्याने गाडी घेताना व्याजाचा प्रश्न येतो. त्याबद्दल प्रत्येकाने आपल्या आलिमांना विचारावे. या पानावर आम्ही फतवा देणार नाही. पण धंद्याची बाजू इतकी स्पष्ट आहे की आखणी करणाऱ्याने पैशाची अडचण आणि इज्जतीची इच्छा या दोन्ही गोष्टी एकाच गाडीत ओळखल्या, आणि पहिलीसाठी दुसरीचा बळी दिला नाही.

त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीत नेमके उलट झाले. भर पावसात एका स्कूटरवर अख्खे कुटुंब जाताना पाहून रतन टाटांच्या मनात नॅनोची कल्पना आली, हे त्यांनीच सांगितले आहे. हे कुटुंब म्हणजे वर ज्याचे वर्णन आले ते चेतकवाले कुटुंबच. हेतू चांगला होता, यात शंका नाही. जानेवारी २००८ मध्ये गाडी दाखवली, २००९ मध्ये बाजारात आली. किंमत एक लाख ठरवलेली, म्हणून एकेक गोष्ट छाटली. काचेला एकच वायपर, आरसा फक्त चालकाच्या बाजूला, चाकाला तीन नट. मागे डिक्कीसारखा आकार, पण बाहेरून उघडणारे झाकण नाही. पेट्रोल भरायचे तर पुढचे बॉनेट उघडावे लागे.

अभियंत्याच्या हिशेबात यातील प्रत्येक काटकसर बरोबर होती. पण मोटार घेणारा ती शेजाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घेतो. पेट्रोल पंपावर बॉनेट उघडताना, पाहुण्यांची पेटी मागच्या सीटवरून आत ढकलताना, गाडी प्रत्येक वेळी जगाला सांगे की या माणसाकडे पैसे कमी पडले. त्यात जगातील सर्वांत स्वस्त मोटार म्हणून तिची प्रसिद्धी झाली. स्कूटरवाल्याला मोटारवाला व्हायचे होते, स्वस्त मोटारवाला व्हायचे नव्हते. सिंगूरमधून कारखाना हलवावा लागला, काही गाड्यांना आगी लागल्या, ही कारणेही आहेतच. पण वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या क्षमतेने साणंदला उभारलेल्या कारखान्यात त्याच्या जवळपासही मागणी कधी आली नाही. ‘स्वस्त’ हा शिक्का बाधला, हे पुढे खुद्द रतन टाटांनीही मान्य केले. २०१५ मध्ये मागचे झाकण उघडणारी नॅनो आली, तोवर गिऱ्हाईक जुनी अल्टो घेऊन मोकळे झाले होते. २०१८ नंतर ती बंदच पडली.

चपला बनवणाऱ्या, पेट्या बनवणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या आपल्या बांधवांनी हे दोन दाखले शेजारी ठेवून पाहावेत. गरीब गिऱ्हाइकासाठी माल बनवताना काटकसर कुठे करायची हा खरा कसोटीचा प्रश्न आहे. एसमध्ये ती इंजिनात केली, जी कोणाला दिसत नाही. नॅनोमध्ये ती आरशात आणि डिक्कीत केली, जी सगळ्यांना दिसते. येथे एक खबरदारी हवी. न दिसणारी काटकसर आणि लपवाछपवी यांत फरक आहे. इंजिन लहान आहे हे टाटांनी कागदावर छापले होते. आत पुठ्ठा घालून वर चामडे लावणे हे त्यात बसत नाही. वर कोरडे आणि खाली ओले धान्य ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी कसे हटकले, ते सर्वांना ठाऊक आहे.

श्रीमंतांच्या गाड्याही हीच गोष्ट सांगतात. मर्सिडीज प्रथम टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात जुळवली जाई; २००९ पासून चाकणला तिचा स्वतःचा कारखाना आहे. २०१७ साली तेथे ई-क्लास गाडीची लांब आवृत्ती आली, नेहमीपेक्षा १४० मिलिमीटरने जास्त. वाढवलेली ही सारी जागा मागच्या सीटला दिली. येथे मोटारीचा मालक मागे बसतो आणि चालवणारा पगारी असतो, हे जर्मन कंपनीने ओळखले. चाकणच्याच फोक्सवॅगनने २०१६ मध्ये ॲमिओ आणली. चार मीटरच्या आतील गाडीला कर कमी आणि डिक्की असलेली मोटार म्हणजेच खरी मोटार ही आपल्याकडची समजूत, अशी दोन्ही टोके सांभाळताना गाडीची लांबी ३९९५ मिलिमीटरवर आणून ठेवली. मागून पाहिले की डिक्की कापल्यासारखी दिसे. २०२० मध्ये ती बंद झाली. तिच्या मागच्या भागात गिऱ्हाइकापेक्षा करखातेच जास्त दिसते, असे आम्हाला वाटते.

आता कारागिरांच्या कामाची गोष्ट. कंपनीने गिऱ्हाईक जिथे ओळखले नाही, तिथे आपला धंदा सुरू होतो. नवी गाडी शोरूममधून निघाल्यावर पहिल्या आठवड्यात कोठे जाते ते पाहा. दुचाकी लेगगार्ड आणि सीटकव्हर लावायला जाते. टेम्पो ताडपत्रीच्या कमानी, बाजूच्या उंच जाळ्या, मागची साखळी, केबिनच्या वरचा कॅरिअर यांसाठी वेल्डरकडे जातो. कोंबड्यांसाठी वेगळे मजले लागतात, पाण्याच्या जारसाठी वेगळे कप्पे, काचवाल्यासाठी तिरका घोडा. मोटारीच्या सीटवरचे प्लॅस्टिक मालक महिनोन्महिने काढत नाही, कारण घेतल्या दिवसापासून ती विकताना काय भाव येईल हे त्याच्या मनात असते. ही सारी गिऱ्हाइकाची खरी मागणी आहे, जी त्याने कंपनीला सांगितली नाही किंवा कंपनीने ऐकली नाही. वर्षभरात कोणत्या गाडीला काय बदलून दिले याची एक वही गॅरेजवाल्याने ठेवली, तर पुढच्या वर्षी कोणता माल आधीच तयार ठेवायचा हे त्याला कोणाला विचारावे लागणार नाही. आमच्या माहितीतील फार थोडे कारागीर अशी वही ठेवतात. उधारीची वही मात्र सगळ्यांकडे असते.

जुनी नावे पुन्हा बाजारात आली आहेत, त्यांच्याकडेही याच नजरेने पाहावे. बजाजने २००९ च्या अखेरीस स्कूटर सोडून देत असल्याचे जाहीर केले होते. आकुर्डीतील उत्पादन त्याआधीच, २००७ मध्ये थांबले होते. पण जानेवारी २०२० मध्ये विजेवरची चेतक लाखाच्या किमतीला आली. अंग पुन्हा पत्र्याचे, पण स्टेपनी नाही आणि झाकण उघडून साफ करायचा प्लगही नाही. वडिलांची चेतक आठवणारा, हात काळे न करणारा मुलगा हे तिचे गिऱ्हाईक. २०२४ मध्ये आलेल्या ई-लूनाची बात निराळी. तिची मागची सीट काढता येते आणि दीडशे किलो वजन चालते. दूधवाला, पाववाला, घरपोच माल देणारा पोरगा यांना समोर ठेवून ती आखली, हे सांगावे लागत नाही.

विजेच्या मालगाड्यांच्या दुकानांत हल्ली आपले अनेक बांधव चौकशीला जातात. एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, हा प्रश्न सगळे विचारतात. पण त्या गाडीने गृहीत धरलेला माणूस रोज रात्री एकाच जागी परततो, त्याच्या दारात गाडी उभी करायला जागा आहे, आणि हाताशी स्वतःच्या मीटरचा प्लग आहे. ज्याची गाडी रात्री गल्लीच्या तोंडाशी उभी राहते आणि खोली भाड्याची असून मीटर घरमालकाच्या नावावर आहे, त्याने किमतीचा सौदा करण्याआधी वायर कोठून येणार ते ठरवावे. घरमालकाशी मीटरबद्दल बोलणे बयाणा देण्याआधी झालेले बरे. शक्य तर ते लिहून घ्यावे.